वायनरीत गोड वाइन चाखताना: गोडवा आला कुठून ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही रत्नागिरीचे. जानेवारीत दोन जोडपी मिळून डहाणू-बोर्डीला जाणार आहोत, तिथली चिकूची वायनरी बघायची आहे. जमलं तर पुढे नाशिक. मला आणि माझ्या वहिनीला तुरट, कोरडी वाइन अजिबात आवडत नाही, गोडच आवडते. पण यांचे मित्र म्हणतात, गोड वाइन म्हणजे सरबत, जाणकार तिला हात लावत नाहीत. टेस्टिंगला गेल्यावर गोड वाइन चाखायची कशी, चांगली-वाईट ओळखायची कशी, बरोबर खायचं काय आणि बाटली घरी आणता येते का?"

ताई, पहिली गोष्ट. टेस्टिंगच्या टेबलाशी उभं राहिल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "आम्हाला गोड आवडते, तुमच्याकडच्या गोड वाइन दाखवा," असं सरळ सांगा. ओतणाऱ्या मुलाचंही काम सोपं होतं. मित्रांना उत्तर द्यायचंच असेल तर एवढं सांगा: १८५५ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा 'प्रीमिए क्रू सुपेरिअर' हा दर्जा एकाच वाइनला मिळाला, लाल वाइनपैकी एकीलाही नाही. ती वाइन म्हणजे शातो दिकेम, सोतेर्न भागातली गोड वाइन. हंगेरीची 'तोकाई असू' ही गोड वाइनही अशीच. जाणकार हिला हात लावत नाहीत असं नाही, बहुतेकांना तिची किंमत परवडत नाही.

पण मित्र अगदीच खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे गोड वाइन म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं खरोखरच सरबत असतं, वर थोडी नशा. फरक ओळखायला दोन गोष्टी पुरतात. गोडवा आला कुठून, आणि तो पेलायला आंबटपणा आहे का. मी फळप्रक्रिया शिकलो दापोलीला, मग बरीच वर्षं नाशिककडच्या वायनरींच्या सेलरमध्ये, म्हणजे वाइन करायच्या कोठीत, टाक्यांच्या मागेपुढे गेली, आता कोकणात फळांची वाइन करू पाहणाऱ्यांना मदत करतो. हे दोन प्रश्न सोडून गोड वाइनबद्दल तिसरं काही फारसं विचारावं लागत नाही.

आंबटपणाचं आधी सांगतो, कारण ते तुम्ही निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातच बघू शकता. दोन पेले घ्या, प्रत्येकात २०० मिलिलीटर पाणी. दोन्हींत चार-चार चहाचे चमचे साखर घालून पूर्ण विरघळवा. लीटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर झाली, म्हणजे चांगल्यापैकी गोड वाइनचं प्रमाण. आता त्यातल्या एकाच पेल्यात अर्धं लिंबू पिळा. दोन्ही फ्रिजमध्ये गार करा आणि आधी बिनलिंबाचा, मग लिंबाचा असे दोन-दोन घोट घ्या. पहिला पेला दुसऱ्याच घोटाला जड होतो, जिभेवर पाक राहतो आणि पाणी मागावंसं वाटतं. दुसऱ्यात साखर तितकीच आहे, पण तो कमी गोड लागतो, गालाच्या आत कडेला पाणी सुटतं आणि हात आपोआप पुन्हा पेल्याकडे जातो. वायनरीत नेमकं हेच शोधायचं आहे. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं की समजा आंबटपणा आहे. तोंड चिकट झालं, ओठ एकमेकांना लागायला लागले, तर साखर एकटीच आहे. बाटलीवर पदकं असोत नाहीतर ओतणारा काहीही सांगो, ही खूण फसवत नाही.

आता गोडवा येतो कुठून. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिची दारू करतं. ढोबळ हिशेब असा की लीटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खाल्ली की दारूचं प्रमाण एक टक्का चढतं. रसात २४० ग्रॅम साखर असेल आणि यीस्टला मनसोक्त खाऊ दिलं तर १४ टक्क्यांची कोरडी वाइन होते, गोडवा शून्याजवळ. पण १० टक्क्यांवर टाकी एकदम गार करून, बारीक गाळणीतून यीस्ट काढून टाकून आंबणं थांबवलं, तर ७० ग्रॅम साखर शिल्लक राहते. ही फळाची स्वतःची साखर. सेलरमध्ये तिला रेसिड्युअल शुगर, किंवा नुसतं 'आरएस' म्हणतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे फळातच साखर इतकी वाढवायची की यीस्टच दमून जाईल. नाशिकची लेट हार्वेस्ट वाइन ही त्यातली. शेनिन ब्लाँ जातीचे घड नेहमीच्या तोडणीनंतरही वेलीवर ठेवतात, उन्हाने मणी सुरकुततात, पाणी उडतं, साखर दाट होते. सोतेर्न आणि तोकाईत हेच काम बोट्रायटिस नावाची बुरशी करते. सकाळचं धुकं आणि दुपारचं ऊन दोन्ही मिळालं तरच ती उपयोगाची, नाहीतर घड नुसता कुजतो. तोकाईच्या 'असू' वाइनमध्ये लीटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते. जर्मनी-कॅनडात घड वेलीवर गोठू देतात आणि गोठलेलेच पिळतात. बर्फ चिपाडात राहतो, पाक तेवढा गळतो. कॅनडात त्यासाठी उणे ८ अंश तापमान लागतं.

तिसरी तऱ्हा पोर्टची. आंबणं अर्ध्यावर असताना ७७ टक्क्यांची द्राक्षाची स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर राहते, दारू १९ ते २२ टक्क्यांवर जाते. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याची हद्द यासाठी १७५६ सालीच आखली गेली. सिंधुदुर्गातून गोव्यात गेलं की दुकानात 'पोर्ट वाइन' म्हणून जी स्वस्त लाल बाटली दिसते तिचा या दोरूशी संबंध नावापुरता. ती बऱ्याचदा बेंगलोर पर्पल या खायच्या काळ्या द्राक्षाची असते आणि गोडवा बहुतेक वेळा वरून घातलेला असतो. नाताळात केकमध्ये घालायला छान. चाखायला तिच्यात फार वेळ घालवू नका.

आणि चौथी: कोरडी वाइन पूर्ण तयार करायची, मग बाटलीत भरण्याआधी साखर किंवा रस मिसळायचा. याला बॅक-स्वीटनिंग म्हणतात. यात बेकायदेशीर काही नाही, नीट केलं तर वाईटही नाही. पण सरबताकडे जाणारी वाट इथूनच फुटते, कारण साखर घालणं सोपं आणि कुठे थांबायचं ते हातावर. लेबलच्या मागच्या बाजूला आयएनएस २०२ (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थात मिसळलेल्या घटकाचा क्रमांक) दिसलं तर ते पोटॅशियम सॉर्बेट. बाटलीतल्या साखरेवर यीस्टने पुन्हा काम सुरू करू नये म्हणून ते घालतात. म्हणजे बाटलीत साखर उरलीय आणि ती सांभाळली जातेय, एवढं कळतं. आयएनएस २२० किंवा २२४ दिसलं तर घाबरू नका, तो गंधकाचा अंश बहुतेक सगळ्या वाइनमध्ये असतो.

इथे कोकणाचा मुद्दा येतो आणि तो द्राक्षवाल्यांच्या पुस्तकात सापडत नाही. आपल्या हवेत वाइनची द्राक्षं टिकत नाहीत. पाऊस आणि दमट हवा, डाऊनी नावाचा बुरशीचा रोग वेलीला जगू देत नाही. म्हणून कोकणातली वाइन म्हणजे फळांची वाइन. आणि फळांच्या वाइनमध्ये साखर घातली म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही, कारण द्राक्षाएवढी साखर आपल्या बहुतेक फळांत नसतेच. काजूचं बोंडू घ्या, कोकम घ्या: नुसत्या रसाची वाइन केली तर पाच-सहा टक्क्यांवर दम तोडेल आणि टिकणार नाही. त्यामुळे आंबवण्याआधी साखर घालावीच लागते. ती साखर यीस्ट खाऊन टाकतं, तुमच्या पेल्यात ती साखर म्हणून येत नाही. विचारायचं ते हे की शेवटी, बाटलीत भरताना, किती घातली आणि कशासाठी.

बोर्डीला तुम्ही चिकूची वाइन चाखाल. हिल झिल वायनरीची बुडबुड्यांची फ्रुझान्ते ही तिथली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इराणी-पारशी बागायतदारांनी या पट्ट्यात चिकू रुजवला त्याला शंभरावर वर्षं झाली. वाइन करणाऱ्याच्या नजरेने चिकू हे अवघड फळ. साखर भरपूर, वीस ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) आसपास, पण आंबटपणा नावालाही नाही. वर कच्च्या फळाचा चीक आणि तुरटपणा. फळ एक दिवस आधी काढलं तर तोंड ओढणारी वाइन होते, दोन दिवस उशीर झाला तर मऊ गर गाळता गाळता नाकी नऊ येतात. आंबटपणा बाहेरून, सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल घालून, बसवावा लागतो. म्हणून चिकूच्या कुठल्याही वाइनचा पेला हातात आला की मी आधी हेच बघतो: आम्ल फळात मुरलंय, की साखर एकीकडे आणि आंबट एकीकडे असे दोन भाऊ वाटण्या करून बसलेत.

एक अपेक्षा मात्र घरीच ठेवून जा. चिकूची वाइन चिकूसारखी लागत नाही. फळाचा वास मुळात हलका, त्यातून आंबताना निघणाऱ्या वायूबरोबर तो आणखी उडतो. उरते ती गुळमट, मधाळ छटा, मागे किंचित सालीचा तुरटपणा. आंब्याच्या वाइनचंही तेच. हापूसची वाइन हापूससारखी घमघमत असेल तर मी जरा सावध होतो. आंबवून झाल्यावर रस किंवा इसेन्स मिसळला असण्याची शक्यता मोठी. चांगल्या आंब्याच्या वाइनमध्ये पिकल्या सालीचा, देठाकडचा वास असतो, आणि थोडा मध. ज्यांना रसाचा वाटी-पुरीवाला आंबा हवा असतो ते हमखास निराश होतात.

मला विचाराल तर कोकणातली खरी ताकदीची गोड वाइन करवंदाची किंवा कोकमाची व्हायला हवी. आंबटपणा निसर्गानेच भरून दिलाय, रंग दिलाय, करवंद आणि जांभळात तुरटपणाही आहे. साखर घालावी लागेल, पण तिला पेलणारा पाठीचा कणा फळात तयार आहे. कुठे कुणाकडे अशी चाखायला मिळाली तर सोडू नका. आणि बोंडूवरून आठवलं, फेणी ही वाइन नव्हे; बोंडूचा रस आंबवून तो भट्टीवर चढवून उतरवलेली ती दारू. दोन्ही एकाच टेबलावर एकाच मापात चाखायला जाऊ नका.

आता टेबलाशी. क्रम पाळा: आधी कोरडी, मग अर्धगोड, मग गोड, शेवटी पोर्टसारखी कडक. तुम्हाला कोरडी आवडत नसली तरी आधी एक घोट घ्या. गोड वाइननंतर कोरडी घेतली तर ती पाणचट आणि आंबट लागते आणि बिचारीचं नाव खराब होतं. एका वायनरीत गर्दीच्या दिवशी माझ्यासमोर सगळ्या पाहुण्यांना आधी गोड ओतली गेली, कारण ती बाटली उघडी होती. पुढच्या चार वाइनला टेबलावरच्या प्रत्येकाने नावं ठेवली. ओतणारा घाईत असेल तर तुम्हीच म्हणा, "ती गोडवाली शेवटी द्या."

पेल्यात ३०-४० मिलिलीटर आली तरी पुष्कळ. पेला तिरपा करून रंग बघा. ताजी पांढरी गोड वाइन फिकट सोनेरी असते. तपकिरीकडे झुकली असेल आणि वाइन मुद्दाम जुनी केलेली नसेल, तर ती उन्हात किंवा उघड्यावर राहिली. पेल्याच्या काचेवर ओघळ उतरतात ते बघून पुष्कळ लोक "वा, काय दाट आहे" म्हणतात. ते ओघळ दारू उडाल्यामुळे होतात, साखर त्यांना फक्त मंद करते. दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

मग वास, आणि इथे घाई करू नका. गोडवा जिभेवर आला की तो दोष झाकतो, म्हणून दोष नाकानेच पकडायचे. नखांच्या पॉलिशचा वास, व्हिनेगरचा वास, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास, यातला कुठलाही पहिल्याच हुंगण्यात आला तर घोट घेण्यापूर्वीच तुमचा निर्णय झालेला आहे. नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीचा हलका वास असेल तर पेला हलवून दोन मिनिटं थांबा, बहुधा जातो.

थंडपणाचंही एक गौडबंगाल आहे. गोड वाइन ८ ते १२ अंशांवर द्यावी हे बरोबरच. पण आपल्याकडे, विशेषतः उकाड्यात, ती थेट बर्फाच्या बादलीतून ओततात. जीभ गारठली की गोडवाही कमी लागतो आणि वासही दबतो, त्यामुळे साधारण वाइन तिथे झकास वाटते आणि घरी आणल्यावर पाकासारखी. म्हणून पहिला घोट गार घ्या, मग पेल्याचं पोट दोन्ही तळव्यांत धरून तीन-चार मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा चाखा. कोमट होऊनही जी तोंडाला पाणी आणते ती विकत घ्यावी.

आणि एक चाचणी, जी मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी करायला लावायचो. नाक चिमटीत धरा, घोट घ्या, तोंडात फिरवा. आता फक्त गोड, आंबट, तुरट एवढंच कळेल. मग नाक सोडा. त्या क्षणी मागच्या बाजूने वास वर चढतो: मध, जर्दाळू, संत्र्याची साल, सुकं अंजीर, जे काही असेल ते. नाक सोडल्यावर काहीच घडलं नाही, आधी जेवढं गोड होतं तेवढंच राहिलं, तर बाटलीत साखर आणि दारूच आहे, फळ नाही. लोक बघतील, बघू द्या.

गिळल्यावर मनात आकडे मोजा. चव पाच-सहा आकड्यांत पुसली गेली तर वाइन साधी. पंधरा-वीसपर्यंत काहीतरी बदलत राहिलं, आधी मध, मग साल, मग किंचित कडवट, तर दाम वसूल. नुसती साखरच वीसपर्यंत राहिली तर ते मोजायचं नाही.

विचारायचं काय? "यात शिल्लक साखर लीटरला किती?" हा प्रश्न ऐकल्यावर टेबलामागचा माणूस एकतर उजळतो किंवा आतल्या कुणाला बोलावतो, दोन्हीत तुमचा फायदा. ४५ ग्रॅमच्या वर असेल तर ती युरोपच्या मोजपट्टीने गोड वाइन, १२ ते ४५ अर्धगोड. पुढचा प्रश्न, "आंबणं थांबवलंत की नंतर गोड केलीत?" आणि तिसरा, "बाटली कधी भरली?" फळांच्या हलक्या वाइनला वय मानवत नाही, त्या ताज्याच बऱ्या. द्राक्षाची लेट हार्वेस्ट काही वर्षं सहज राहते.

घरात कुणाला मधुमेह असेल तर हा आकडा आणखी कामाचा. लीटरला १०० ग्रॅम म्हणजे ५० मिलिलीटरच्या पेल्यात ५ ग्रॅम, एक चमचा साखर. आकडा वाटतो तेवढा भयंकर नाही, पण इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असताना दारूने साखर एकदम उतरूही शकते, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला.

बरोबर खायचं काय, यात सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते. गोड वाइन आहे म्हणून गोड पदार्थ काढतात. वाइनपेक्षा पदार्थ गोड असला की वाइन आंबट आणि फिकी पडते. उकडीच्या मोदकातल्या गूळ-खोबऱ्यासमोर नाशिकची शेनिन टिकत नाही, खापरोळीच्या रसासमोर तर नाहीच. मोदक नुसताच खावा, त्याला कुणाची सोबत लागत नाही. गोड वाइनला खारट आणि तिखट द्या. भाजलेले खारे काजू, तळलेले कुरकुरीत बोंबील, फार मसाला नसलेली तिखट कोळंबी. तिखटाने जिभेवर उठलेली आग साखर विझवते आणि तोवर आंबटपणा पुढच्या घासाला तयार करतो. फक्त वाइन १०-१२ टक्क्यांची हवी; पोर्टसारख्या कडक वाइनबरोबर तिखट खाल्लं तर आग दुप्पट होते. ओल्या काजूची उसळ हा माझा आवडता जोड, पण जानेवारीत ओले काजू मिळायचे नाहीत, त्यासाठी मार्च-एप्रिलात घरीच बेत करा. जाता-येता रायगडात थांबलात आणि कुणी पोपटी लावली असेल तर मात्र बाटली उघडाच. भांबुर्ड्याच्या पाल्याचा धुरकट वास लागलेल्या वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि गार अर्धगोड वाइन. गोडाची हौसच असेल तर आंबापोळी चालते, तिच्यात स्वतःचा आंबटपणा असतो. आल्याचं मालवणी खाजं पोर्टबरोबर सुरेख जातं.

नाशिकला जमलं तर जानेवारी ते मार्च हा तोडणीचा मोसम असतो; वायनरीत गर्दी, पण टाक्या चालू बघायला मिळतात. सुलाने २००५ साली टेस्टिंग रूम सुरू केली, तिथे लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ मागा. बोर्डीच्या चिकूनंतर लगेच ती चाखलीत तर फळातला आंबटपणा आणि बसवलेला आंबटपणा यातला फरक माझ्या सांगण्याशिवाय कळेल. कुठेही जा, आधी फोन करून जा. बागेतली वायनरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नाही. टेस्टिंग कधी, शुल्क किती, टाक्या दाखवतात का, हे विचारून घ्या.

गाडी घेऊन जाणार असाल तर हिशेब करा. पाच वाइन, प्रत्येकी ५० मिलिलीटर, सरासरी १२ टक्के: पोटात २४ ग्रॅमच्या आसपास शुद्ध दारू जाते. साठ किलोच्या माणसाच्या रक्तात ती १०० मिलिलीटरमागे ५० मिलिग्रॅमच्या पुढे सहज जाऊ शकते आणि कायद्याची मर्यादा ३० आहे. टेस्टिंग म्हणून चाखलेल्या घोटांना वेगळी सवलत नाही. चालवणाऱ्याने थुंकायचं. टेबलावर त्यासाठी भांडं असतं, नसलं तर मागा. सेलरमध्ये आम्ही दिवसभर थुंकूनच चाखतो, त्यात अशिष्ट काही नाही. त्यापेक्षा बरं म्हणजे रेल्वेने वसईपर्यंत, तिथून पश्चिम रेल्वेने डहाणू किंवा घोलवड आणि पुढे रिक्षा. वाइनसाठी महाराष्ट्रात वयाची अट २१ आहे, पुतण्या-भाचे बरोबर असतील तर ओळखपत्र असू द्या.

बाटली आणता येते, वायनरीतून बिल घेऊन. पण दोन हद्दी लक्षात ठेवा. बोर्डीच्या उत्तरेला लगेच गुजरात लागतो, तिथे दारूबंदी. उंबरगावकडे फिरायला जाणार असाल तर खरेदी परतीच्या वाटेवर करा. आणि दक्षिणेला गोवा. तिथली बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा आहे, बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात.

गाडीत बाटली डिकीत ठेवू नका. जानेवारीतही उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते, आणि साखर शिल्लक असलेल्या वाइनला उष्णता सगळ्यात वाईट. गाळणी नीट झालेली नसेल तर आत पुन्हा आंबायला लागते आणि बूच वर सरकतं. पायाशी, ओल्या पंच्यात गुंडाळून, एसीच्या वाऱ्यात ठेवा. घरी कपाटावर मिरवायला न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कारण आपल्या दमट उकाड्यात माळ्यावरचा एक उन्हाळा तिला पुरतो.

मिळाली तर ३७५ मिलिलीटरची अर्धी बाटली घ्या. चौघांना जेवणानंतर तेवढी भरपूर होते. उघडलेली लेट हार्वेस्ट बूच लावून फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस छान राहते, पोर्ट तीन-चार आठवडेसुद्धा. चिकूची बुडबुड्यांची बाटली मात्र उघडली त्या संध्याकाळीच संपवायची, म्हणून ती पाहुणे येणार असतील तेव्हाच उघडा.